परिपाठातला दिनविशेष कसा तयार करावा : १ ऑगस्ट हाताशी घेऊन

शाळेत नव्याने रुजू झालं की परिपाठाची जबाबदारी लवकरच अंगावर येते. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा यांची सोय कुठून ना कुठून होते. दिनविशेष मात्र बहुतेक ठिकाणी सकाळी मोबाइलवर आलेल्या यादीतून उचलला जातो. वीस-पंचवीस ओळी, प्रत्येक ओळीला एक साल, आणि पाचवीतला एखादा मुलगा ती यादी श्वास न घेता वाचून मोकळा होतो. रांगेत उभ्या मुलांपर्यंत त्यातलं काही पोचत नाही. जे पोचतं ते बरोबर असतंच असंही नाही.

दोन मिनिटांत तीन नोंदी, आणि त्यातली एक नीट उलगडून सांगितलेली, एवढा दिनविशेष पुरे होतो. तो कसा काढायचा हे १ ऑगस्ट ही एकच तारीख घेऊन पाहू. ही तारीख मुद्दाम घेतली आहे, कारण दिनविशेषात होणाऱ्या बहुतेक चुकांचे नमुने तिच्यात एका जागी सापडतात.

पायरी पहिली : यादी करा, पण तीन ढिगांत

आदल्या दिवशी संध्याकाळी अर्धा तास काढा. वहीच्या पानावर तीन रकाने आखा: माणसं (जन्म आणि मृत्यू), घटना, आणि पाळले जाणारे दिवस. सगळं एका ओळीने लिहीत गेलात तर महायुद्ध, नटीचा जन्म आणि जागतिक सप्ताह एकाच मापाने मोजले जातात. तिथेच गोंधळ सुरू होतो.

१ ऑगस्टच्या माणसांच्या रकान्यात आपल्याकडे दोन नावं आधी येतात. लोकमान्य टिळकांचं निधन १ ऑगस्ट १९२० रोजी झालं. अण्णाभाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगावला झाला. दिवस तोच, सालही तेच. आपल्या बहुतेक शाळांत या दिवशी टेबलावर दोन तसबिरी मांडलेल्या असतात त्या याचमुळे.

घटनांचा रकाना मोठा आहे. १७७४ साली जोसेफ प्रिस्टली याने इंग्लंडमध्ये एक वायू वेगळा काढला, तो पुढे ऑक्सिजन म्हणून ओळखला गेला. १८३४ साली ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा अमलात आला. १९१४ साली जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं. १९२० साली गांधीजींनी असहकार सुरू केला. १९४४ साली पोलंडमधल्या वॉर्सा शहराने जर्मन फौजांविरुद्ध उठाव केला.

पाळल्या जाणाऱ्या दिवसांत महाराष्ट्राचा महसूल दिन आहे, स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन आहे, आणि जागतिक स्तनपान सप्ताहाची सुरुवातही याच दिवशी होते. तुमच्या शाळेशेजारी अंगणवाडी असेल तर तिच्या भिंतीवर या सप्ताहाचं पोस्टर १ ते ७ ऑगस्ट दिसेलच. इटलीत फ्लॉरेन्स इथे १ ऑगस्ट १९९० रोजी स्तनपानाविषयी एक जाहीरनामा संमत झाला, त्यावरून ही तारीख आली.

पायरी दुसरी : प्रत्येक ओळीचं क्रियापद तपासा

वेळ खाणारी पायरी हीच, आणि ती टाळली तर बाकीच्या पायऱ्यांना फारसा अर्थ उरत नाही. साल आणि तारीख सगळेच तपासतात. चूक बहुधा दडलेली असते ती ‘सुरू झालं’, ‘शोध लावला’, ‘बंद झालं’ यांत.

पहिलं महायुद्धच घ्या. १ ऑगस्टच्या याद्यांत ‘पहिले महायुद्ध सुरू’ अशी ओळ दिसते. २८ जुलैच्या यादीतही हीच ओळ असते. ऑस्ट्रिया-हंगेरीने सर्बियाविरुद्ध युद्ध पुकारलं २८ जुलै १९१४ ला, जर्मनीने रशियाविरुद्ध १ ऑगस्टला, आणि ब्रिटन युद्धात उतरलं ४ ऑगस्टला. म्हणून १ ऑगस्टला ‘जर्मनीने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले’ एवढंच लिहायचं. ओळ थोडी लांबते, पण आठवड्यात दोनदा तेच महायुद्ध सुरू करण्याची वेळ येत नाही.

प्रिस्टलीची गोष्ट अशीच. त्याने भिंगाने सूर्यकिरण एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं आणि त्यातून निघालेला वायू गोळा केला. त्यात मेणबत्ती नेहमीपेक्षा कितीतरी तेजाने जळली. प्रयोगाची तारीख पक्की आहे. पण स्वीडनमध्ये शेले याने हाच वायू त्याच्याआधी मिळवला होता, फक्त त्याचं पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं. ‘ऑक्सिजन’ हे नाव दिलं फ्रान्सच्या लाव्हाझिएने. तेव्हा ‘प्रिस्टलीने ऑक्सिजनचा शोध लावला’ यापेक्षा ‘प्रिस्टलीने ऑक्सिजन वायू वेगळा केला’ हे वाक्य सुरक्षित. शेलेचा किस्सा विज्ञानाच्या तासाला ठेवा, मुलांना तो आवडतो.

कायद्यांच्या बाबतीत तर तीन-तीन तारखा असतात: संमत झाला ती, अमलात आला ती, आणि प्रत्यक्ष परिणाम दिसला ती. गुलामगिरीबंदीच्या कायद्याला राजाची संमती २८ ऑगस्ट १८३३ ला मिळाली. तो अमलात आला १ ऑगस्ट १८३४ ला. तेव्हाही कॅरिबियन बेटांवरच्या बहुतेक मोठ्या माणसांना ‘उमेदवारी’च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली जुन्याच मालकाकडे राबावं लागलं. ती उमेदवारी सुटली १ ऑगस्ट १८३८ ला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख या कायद्यातून वगळलेला होता. हिंदुस्थानासाठी वेगळा कायदा १८४३ साली आला. म्हणजे ‘१ ऑगस्ट १८३४ : भारतातील गुलामगिरी संपुष्टात’ असं कुणी पाठवलं तर ते सरळ खोडा.

या कायद्याला आपल्याशी जोडणारा एक खरा धागा मात्र आहे. मॉरिशसमध्ये तो अमलात आला १ फेब्रुवारी १८३५ ला, आणि तिथे सुट्टी आजही १ फेब्रुवारीलाच असते. उसाच्या मळ्यांवर गुलामांच्या जागी करारावरचे मजूर हिंदुस्थानातून नेले गेले. त्यांतलं पहिलं जहाज २ नोव्हेंबर १८३४ रोजी पोर्ट लुईला लागलं. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली माणसंही गेली. तिथे आज जो मराठी समाज आहे तो त्यांच्या वंशजांचा. कोकणातल्या शाळेत ही नोंद घ्यायची तर ती १ ऑगस्टला न घेता फेब्रुवारीसाठी राखून ठेवावी असं माझं मत आहे.

पायरी तिसरी : मध्यरात्र, पंचांग आणि जुनी दिनदर्शिका

टिळकांचं निधन मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात, मध्यरात्र उलटून गेल्यावर झालं. एखाद्या आठवणीत ‘३१ जुलैच्या रात्री’ असं वाचलंत तर ते खोटं समजू नका. माणसं रात्र आदल्या दिवसाशी जोडून बोलतात, एवढंच. तारीख १ ऑगस्टच. वारही पडताळून घ्यावा: मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये १९२० पर्यंत मागे गेलात तर तो दिवस रविवार निघतो. जुन्या मजकुरातला वार आणि तारीख जुळत नसतील तर दोहोंपैकी एक चुकलं आहे असं समजावं. ही पडताळणी फुकट आहे आणि तिला अर्धं मिनिट लागतं.

दुसरी अडचण तिथीची. १ ऑगस्टच्या आगेमागे कधी दिव्याची अवस येते, कधी नागपंचमी. त्यांची इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते, त्यामुळे गेल्या वर्षीच्या वहीतून त्या उतरवू नयेत, त्या वर्षीचं पंचांग बघावं. मैत्री दिनही असाच फिरता आहे, कारण तो आपल्याकडे ऑगस्टच्या पहिल्या रविवारी धरतात.

सतराव्या शतकातल्या तारखांना अजून एक पेच आहे, आणि मराठ्यांचा इतिहास शिकवणाऱ्याला तो माहीत हवाच. पोर्तुगालने १५८२ सालीच नवी, म्हणजे ग्रेगोरियन दिनदर्शिका घेतली. इंग्रजांनी ती घ्यायला १७५२ उजाडलं. त्यामुळे शिवकाळात गोव्याच्या पोर्तुगीज पत्रातली तारीख आणि राजापूरच्या इंग्रज वखारीच्या पत्रातली तारीख यांत, घटना एकच असली तरी, १० दिवसांचा फरक पडतो. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे आपण ज्याला फेब्रुवारी १६७४ म्हणतो त्याला ते १६७३ लिहीत. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ चा. ६ जून १६७४ ही त्याची जुन्या दिनदर्शिकेतली तारीख, आणि नव्या दिनदर्शिकेने तो दिवस १६ जून येतो. शिवजयंतीचंही तेच: फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ म्हणजे जुन्या गणनेने १९ फेब्रुवारी १६३०, नव्या गणनेने १ मार्च. राज्य शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली आहे, तेव्हा शाळेत तीच धरायची. वाद घालत बसू नका. पण एखाद्या मुलाने घरून ‘तिथीने वेगळी असते’ असं ऐकून येऊन विचारलं तर त्याला गप्प करू नका, कारण तो बरोबर आहे.

जन्मतारखांबाबत एक इशारा. ग्रामीण महाराष्ट्रात एका अख्ख्या पिढीची जन्मतारीख १ जून आहे. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, पोराचं वय सहा भरायला हवं, आणि गुरुजींनी दाखल्यावर १ जून टाकून दिला. गावातल्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याचा किंवा कलावंताचा जन्मदिवस १ जून दिसला तर घरच्यांना एकदा विचारून घ्यावं.

पायरी चौथी : घटनेचा दिवस वेगळा, आठवणीचा दिवस वेगळा

स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन १ ऑगस्ट, आणि याद्यांत ओळ असते ‘१ ऑगस्ट १२९१ : स्वित्झर्लंडची स्थापना’. ज्या जुन्या करारावर हे आधारलं आहे त्यात तारीखच नाही. ‘ऑगस्टच्या प्रारंभी’ एवढाच उल्लेख आहे. १८९१ साली सहाशे वर्षं झाली म्हणून मोठा सोहळा झाला आणि तेव्हा १ ऑगस्ट ठरला. सार्वत्रिक सुट्टी तर १९९४ पासूनची. तेव्हा ‘आज स्वित्झर्लंडचा राष्ट्रीय दिन’ हे पूर्ण खरं, बाकीचं अर्धं.

महसूल दिनाचं मूळ त्यापेक्षा जवळचं आणि मला विचाराल तर त्यापेक्षा रंजक आहे. या तारखेला काही घडलं म्हणून तो आलेला नाही. आपल्या राज्यात महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होऊन ३१ जुलैला संपतं. शाळेचं वर्ष जूनमध्ये, सरकारचं आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये, घरातलं गुढीपाडव्याला आणि तलाठ्याचं ऑगस्टमध्ये! पेरण्या आटोपल्यावर कुणाच्या रानात काय उभं आहे हे बघायला सुरुवात होते, हिशेब नव्याने मांडायचे असतात. शेतकऱ्यांची मुलं असलेल्या शाळेत ही एक नोंद स्वित्झर्लंड आणि महायुद्ध मिळून जितकं काम करतील त्याहून जास्त करते. जमल्यास त्या दिवशी तलाठ्यांना परिपाठाला बोलवा आणि सातबारा म्हणजे काय ते पाच मिनिटांत सांगायला सांगा. या दिवशी त्यांच्या कार्यालयातही कार्यक्रम असतात, म्हणून आधी विचारून ठेवा.

पायरी पाचवी : योगायोगाला कारण समजू नका

१ ऑगस्ट १९२० या एका दिवसात तीन गोष्टी आल्या: टिळक गेले, अण्णाभाऊ जन्मले, असहकार सुरू झाला. भाषणं करणाऱ्यांना यातून ‘एक सूर्य मावळला, दुसरा उगवला’ असं काहीतरी सुचतंच. कृपा करून हे वाक्य टाळा.

असहकाराची तारीख आधी जाहीर झालेली होती. टिळकांच्या निधनामुळे ती ठरली नाही. गांधीजी त्या दिवशी मुंबईतच होते, अंत्ययात्रेत सामील झाले आणि त्यांनी खांदाही दिला. त्याच तारखेच्या पत्राने त्यांनी व्हाइसरॉयला आपलं कैसर-ए-हिंद पदक आणि बोअर व झुलू युद्धांतली पदकं परत केली. काँग्रेसने असहकाराला मान्यता दिली ती सप्टेंबरमध्ये कलकत्त्याच्या खास अधिवेशनात, आणि डिसेंबरात नागपूरला तिच्यावर शिक्कामोर्तब झालं. याही ओळीत ‘सुरू’ हा शब्द जपूनच वापरायला हवा.

टिळक आणि अण्णाभाऊ यांना जोडायचंच असेल तर त्यासाठी तारखेची गरज नाही. १९०८ साली ‘केसरी’तल्या लेखांवरून टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या दर वर्षामागे एक दिवस असा सहा दिवस संप केला. पुढे वाटेगावहून आई-वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला एक मुलगा त्याच गिरण्यांत कामाला लागला. त्याच कामगारांपुढे त्याने पोवाडे आणि लावण्या गायल्या, त्यांच्या जगण्यावर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. दोघांच्या मधली ही खरी जागा आहे, आणि ती लालबाग-परळच्या नकाशावर बोट ठेवून दाखवता येते.

पायरी सहावी : निवड

आता यादीतल्या बहुतेक ओळी गाळायच्या. मी निवडताना एक नोंद गावाजवळची, एक देशाची आणि एक दूरची घेतो. दूरची घेताना तिची आपल्याकडे येणारी वाट सापडते का बघतो. वॉर्साच्या उठावाची अशी वाट कोल्हापूरला येते. दरवर्षी १ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता वॉर्सात भोंगे वाजतात आणि रस्त्यावरची माणसं, गाड्या जागच्या जागी मिनिटभर थांबतात. १९४४ साली उठाव त्याच वेळेला सुरू झाला होता आणि तो ६३ दिवस चालला. तो चालू असताना कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, त्यांत बाया आणि मुलं जास्त. सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेली ही माणसं इराणमार्गे इथवर आली होती. १९४३ ते १९४८ ती छावणी होती, तिथे त्यांच्या शाळा होत्या. कोल्हापूर-हातकणंगल्याच्या बाजूच्या शाळेने या नोंदीशिवाय १ ऑगस्टचा दिनविशेष करू नये.

वर्गाचं वय पाहा. पहिली-दुसरीला साल सांगून उपयोग नाही, त्यांना प्रिस्टलीची झगझगून जळणारी मेणबत्ती सांगा. आठवी-नववीला तीन तारखांचा कायदा झेपतो.

पायरी सातवी : लिहा आणि मोठ्याने वाचून बघा

फलकावर नाव, साल, गाव आणि एक क्रियापद. विशेषणं शक्य तितकी कमी. ‘थोर’, ‘महान’, ‘तेजस्वी’ या शब्दांनी फळा भरतो, माहिती भरत नाही. जयंती आणि पुण्यतिथी एकाच दिवशी आल्यावर होणारी जुनी फजिती ठाऊक असेल: ‘पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा’. दोघांसाठी ‘विनम्र अभिवादन’ चालतं, तेच लिहा. आणि टिळक म्हटलं की शेंगांची टरफलं हा मोह आवरा. ती गोष्ट मुलांना पाठ असते.

तोंडी सांगायचा मजकूर साधारण असा होईल:

“आज १ ऑगस्ट. १९२० साली आजच्या दिवशी मुंबईत लोकमान्य टिळकांचं निधन झालं. गिरगाव चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. त्याच दिवशी सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावला तुकाराम भाऊराव साठे या मुलाचा जन्म झाला. आपण त्यांना अण्णाभाऊ म्हणतो. अण्णाभाऊ शाळेत गेले ते अवघा दीड दिवस. पुढे मुंबईत गिरणीत काम करता करता, पाट्या आणि पोस्टरं वाचत ते अक्षरं शिकले. त्यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीला १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. आणि आज आपल्या राज्यात महसूल दिन आहे. आपल्या गावच्या जमिनींच्या हिशेबाचं नवं वर्ष आजपासून सुरू होतं. तुमच्या घरच्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, ते आज घरी विचारून या.”

घड्याळ लावून वाचा. वाचणारं मूल घाईत असेल तरी दीड मिनिटाच्या आत संपायला नको. ‘वॉर्सा’, ‘प्रिस्टली’ अशी नावं असतील तर आदल्या दिवशी त्या मुलाकडून दोनदा म्हणवून घ्या. शेवटी घरी विचारायचा एक प्रश्न असला की दुसऱ्या दिवशीच्या परिपाठाला आपोआप सुरुवात मिळते. ‘दीड दिवसाची शाळा’ हे वाक्य मात्र शाळेतच सांगताना हसू होतं. वरच्या वर्गातली पोरं ‘मग आम्ही कशाला येतो’ म्हणणारच. त्यांना म्हणू द्या, आणि गिरणीत आठ-दहा तास उभं राहून मग अक्षरं गिरवणं कसं असेल ते त्यांनाच विचारा.

पायरी आठवी : वही ठेवा

दर तारखेला एक पान असलेली जाड वही घ्या. नोंदीसमोर ती कुठे वाचली ते लिहा: मराठी विश्वकोश, जिल्ह्याचं गॅझेटियर, पाठ्यपुस्तक, चरित्र, जे असेल ते. ‘मोबाइलवर आलं’ असं लिहायची वेळ आली तर ती ओळ पेन्सिलीने लिहा. दोन स्वतंत्र ठिकाणी मिळाली की शाईने. शासनाचं जयंत्यांचं परिपत्रक दरवर्षी निघतं, त्याची प्रत वहीतच चिकटवून ठेवा, म्हणजे मुख्याध्यापकांना ऐन वेळी विचारायला नको. दुसऱ्या वर्षापासून काम निम्म्यावर येतं, कारण तारीख तीच असते, फक्त तिथ्या आणि फिरते दिवस बदलायचे असतात.

आणि वार आधी बघून ठेवा. २०२६ साली १ ऑगस्ट शनिवारी आहे, म्हणजे सकाळची शाळा आणि परिपाठाला वेळ आणखी कमी. तेव्हा दोनच नोंदी घ्या. २०२७ साली तो रविवारी येतो. त्या वर्षी शनिवारीच फलकावर ‘उद्याचा दिनविशेष’ असा मथळा देऊन मजकूर लिहून टाका, आणि सोमवारी फळा पुसायला विसरू नका.